वेंचलेलीं पानें आणि मांडलेलीं चित्रें

गेल्या माघांत एका रविवारीं सकाळीं आम्ही सहकुटुंब पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरावयास गेलों होतों. बरोबर सौ., आमचे वडील बंधु, आमच्या कन्येचीं दोन मुलें आणि पुतण्याचा एक मुलगा, अशी मंडळी होती. थंडी सरत आली होती. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानें खुळखुळत होत्या, सांवरीखालीं तांबड्या फुलांचा सडा पडला होता, आणि उतारावरचें गवत पिवळें होऊन आडवें झालें होतें. वर पोंचल्यावर मोठीं माणसें एका काळ्या खडकावर टेकलीं. मुलें मात्र बसेनात. घटकाभरांत त्यांनीं ओंजळी भरभरून शेंगा, बिया, काटक्या, खडे आणि होल्याचीं दोन पिसें असा ऐवज आणून खडकावर ओतला, आणि कोणी न सांगतां त्याची मांडणी सुरू केली. सांवरीचें फूल पोटाच्या जागीं आलें, शिरीषाच्या शेंगांचा पिसारा झाला, बाभळीची एक बी डोळा म्हणून बसली, आणि अर्ध्या तासांत खडकावर एक मोर उभा राहिला.

आमचे बंधु हें सर्व चष्म्यावरून पाहत होते. ते म्हणाले, "पोरखेळ आहे झालं! चार शेंगा जमवल्या म्हणजे कांहीं कला होत नाहीं." सौ. सहसा त्यांच्यापुढें बोलत नाहींत, पण त्या दिवशीं त्या म्हणाल्या, "भावजी, सासूबाई गौरीपुढं पत्रीची आरास मांडीत, ती पाहायला सारी आळी लोटत असे. तेव्हां तुम्हीच कौतुक करीत होतांत ना?" बंधूंनीं उत्तर दिलें नाहीं. आम्हांस मात्र त्या दोन वाक्यांनीं विचारांत पाडलें. रानांत आपोआप पडलेल्या वस्तु उचलाव्या, त्यांना कांहीं रूप द्यावें, आणि मग त्या जेथल्या तेथें सोडून द्याव्या किंवा विसर्जन कराव्या, या उद्योगाला इतिहास आहे काय? आणि असल्यास, त्यांत आजच्या आईबापांनीं शिकण्याजोगें कांहीं आहे काय?

हा प्रश्न आमच्या मनाला लागण्यास एक खासगी कारणही आहे, तें वाचकांपासून लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, आमचा मुलगा पांच वर्षांचा असतां, त्यानें आमच्या लिहिण्याच्या मेजाच्या एका कोपऱ्यांत चिंचोके, खडे आणि नारळाची एक करवंटी मांडून कांहींतरी रचलें होतें. आम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या घाईंत होतों. आम्हीं तो कचरा हातानें गोळा करून खिडकीबाहेर टाकला. सायंकाळीं मुलगा आला आणि त्यानें इतकेंच विचारलें, "बाबा, माझा हत्ती कुठं गेला?" आम्हीं इतिहास शिकविण्यांत सारें आयुष्य घालविलें, परंतु कचरा कोणता आणि हत्ती कोणता, हें ओळखण्याची दृष्टि त्या दिवशीं आमच्यापाशीं नव्हती. पुढील विवेचन त्या ऋणाची अल्पशी फेड समजावी.

आरंभ घरापासून करणें उचित होईल. आपल्याकडे ही कला कोणी 'कला' म्हणून शिकविली नाहीं. ती व्रतांच्या आणि सणांच्या आंगानें घरांत आली. हरितालिकेच्या दिवशीं मुलीबाळी पत्री वेंचण्यास जात. गणेशाच्या पूजेस एकवीस पत्री सांगितल्या आहेत. त्यांत दूर्वा, तुळस व बेल यांच्याबरोबर माका, आघाडा, रुई, धोत्रा आणि डोरली यांसारख्या कुंपणाकांठच्या, एरवीं कोणी ढुंकून न पाहिलेल्या वनस्पतींनाही मान आहे. ही यादी ज्यानें कोणी रचिली, त्यानें नकळत मुलांसाठीं वनस्पतिशास्त्राचें पहिलें पुस्तकच रचिलें. आघाडा कोणता आणि माका कोणता, हें ओळखल्यावांचून पूजा पुरी होत नसे. आणि ओळखण्यासाठीं मोठ्या माणसाचें बोट धरून ओढ्याकांठीं हिंडणें भाग पडे.

गोमंतकांत तर या वेंचणीला चवथीच्या माटोळीनें एक संपूर्ण रूपच दिलें आहे. गणपतीच्या डोक्यावर लांकडाची चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, आंब्याच्या डहाळ्या, आंबाडे, तोरंजन, तांबडी कवंडळें अशीं बागेंतलीं व रानांतलीं फळें बांधतात. कित्येक घरीं या फळांतून आणि बियांतून पक्ष्यांच्या किंवा देवतांच्या आकृति साधतात. कवंडळ कोणत्या डोंगराच्या कुशींत सांपडतें, हें ज्ञान बापाकडून मुलाकडे जातें तें पुस्तकांतून नव्हे, तर पावसांत भिजत केलेल्या पायपिटींतून. माटोळी कांहीं दिवसांनीं उतरतात. तिचें कोठें संग्रहालय नाहीं. पुढल्या वर्षींची माटोळी हेंच तिचें संग्रहालय होय.

उत्तरेकडे डहाणूच्या परिसरांत वारली समाजाच्या सुवासिनी लग्नघरच्या गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें देवचौक लिहितात. भिंत मातीची, रंग धान्याचा आणि लेखणी म्हणजे टोंक ठेंचलेली बांबूची काडी! बाजारांतून आणलेली वस्तु त्यांत एकही नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत हीं चित्रें कागदावर आलीं आणि जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर गेलीं. मशे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. या डहाणूच्या मुलखाशीं आपणांस पुढें पुन्हां एकदां काम पडणार आहे, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

आतां थोडें दूर, इंग्लंडांत जाऊं. मुलांना बरोबर घेऊन निसर्गांत हिंडावें आणि वेंचलेल्या वस्तूंनीं घर सजवावें, ही हौस तेथें गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत सुशिक्षित मध्यम वर्गांत साथीसारखी पसरली. रेल्वेमुळें समुद्रकिनारा जवळ आला होता. फिलिप हेन्री गॉस नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञानें १८५३ सालीं डेव्हनच्या किनाऱ्यावरील भटकंतीवर आणि १८५४ सालीं मत्स्यालयावर ग्रंथ लिहिले. ते सुंदर चित्रांनीं युक्त असून फार लोकप्रिय झाले. कुटुंबेंच्या कुटुंबें बादल्या व जाळीं घेऊन किनाऱ्यावर उतरूं लागलीं. शिंपल्यांच्या पेट्या, समुद्रशेवाळाच्या चिकटवह्या, पुष्पगुच्छांच्या जागीं शंखांचे गुच्छ, अशा वस्तूंनीं दिवाणखाने भरले. दुसरीकडे लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ सालीं एका झांकलेल्या बाटलींत आपोआप उगवलेलें नेच्याचें रोप दिसलें, आणि त्यांतून नेचे घरांत वाढविण्याच्या कांचपेटीचा शोध लागला. मग डोंगरदऱ्यांतून नेचे उपटून आणण्याचें असें वेड लागलें कीं, चार्ल्स किंग्स्ले या धर्मोपदेशक ग्रंथकारानें १८५५ सालीं त्याला 'टेरिडोमेनिया' म्हणजे नेच्यांचें वेड असें नांव दिलें. कादंबऱ्या, कुटाळक्या आणि लोकरीचें विणकाम यांपेक्षां मुलींना हा नाद बरा, असें त्याचें मत होतें.

नाद बरा होता खरा. पण त्याचा शेवट बरा झाला नाहीं. किलार्नी नेच्यासारख्या नाजूक जाति कित्येक ठिकाणांहून जवळजवळ नाहींशा झाल्या. गॉसचा पुत्र एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मवृत्तांत मोठ्या विषादानें नमूद केलें आहे कीं, लहानपणीं बापाच्या बरोबर पाहिलेलीं खडकांतलीं तीं सजीव डबकीं पुढें लुटलीं जाऊन ओसाड झालीं, आणि या लुटीला बापाच्या ग्रंथांची लोकप्रियताच अंशतः कारण झाली. ज्यानें लोकांना किनाऱ्यावर प्रेम करावयास शिकविलें, त्याच्याच हातून किनारा उजाड व्हावा, यापरता दैवदुर्विलास तो कोणता? प्रेमाला मर्यादा नसली म्हणजे त्याची लूट होते, हा या प्रकरणाचा बोध होय.

हा बोध आपण परक्यांस सांगून स्वतः मोकळे होऊं शकत नाहीं. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं मंडईंत आपट्याच्या नांवानें येणाऱ्या फांद्यांचे ढीग ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें सांगणें नलगे. आपटा मिळेनासा झाला म्हणून त्याच्या भाऊबंद कांचनाचीं पानें खपविण्यांत येतात, आणि ओरबाडलेलीं झाडें पुढल्या पावसाची वाट पाहत उभीं राहतात. पत्री वेंचणें निराळें आणि झाड सोलणें निराळें. पहिल्यांत ओळख आहे. दुसऱ्यांत केवळ खरेदी आहे.

आतां या उद्योगाचा शिक्षणाशीं संबंध कसा आला तें पाहूं. फ्रीड्रिख फ्रोबेल याचा जन्म १७८२ सालीं जर्मनींतील थुरिंजियाच्या अरण्यप्रदेशांत झाला. तो वर्षाचाही झाला नव्हता तोंच त्याची आई वारली. एकलकोंड्या त्या मुलाचें बाळपण बागेंत व झाडांत गेलें. पंधराव्या वर्षीं, म्हणजे १७९७ सालीं, त्याला एका वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारीस ठेविलें. पुढें बर्लिन येथें खनिजांच्या संग्रहालयांत काम करीत असतां स्फटिकांच्या रचनेनें त्याच्या मनाची पकड घेतली. झाडाची वाढ आणि स्फटिकाची घडण या दोहोंत एकच नियम वावरतो, आणि मूल जेव्हां वस्तु मांडतें तेव्हां तेंही त्याच नियमानें वागतें, अशी त्याची श्रद्धा बसली. १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें त्यानें लहान मुलांसाठीं संस्था काढिली आणि १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. या बागेंत खरोखरीची बाग होती. प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा होता. त्यानें योजिलेल्या साधनमालेंत लोकरीचे चेंडू व लांकडी घन यांच्यापुढें काड्या, कडीं, आणि बिंदु दाखविण्यासाठीं बिया व खडे येत. म्हणजे आमच्या नातवंडांनीं खडकावर जें केलें, त्याला फ्रोबेलनें शिक्षणक्रमांत जागा दिली होती.

या निरुपद्रवी उद्योगाची प्रशियाच्या सरकारला भीति वाटली, हें वाचून आज हंसूं येईल. १८५१ सालीं तेथें बालोद्यानांवर बंदी आली. फ्रोबेल १८५२ सालीं वारला, आणि बंदी उठली ती १८६० सालीं. परंतु आमच्या मतें त्याच्या विचाराला खरा धक्का सरकारनें दिला नाहीं, व्यापारानें दिला. १८७० च्या सुमारास अमेरिकेंत मिल्टन ब्रॅडली यानें फ्रोबेलचीं साधनें कारखान्यांत बनविण्यास आरंभ केला. बंदी जाते, पेटी राहते. साधनें नीटनेटक्या लांकडी पेट्यांतून घरोघर गेलीं हा लाभच झाला. पण त्याबरोबर शिक्षण हें पेटींत असतें, आणि ज्याच्यापाशीं पेटी नाहीं त्याच्यापाशीं शिक्षण नाहीं, असा समजही हळूहळू पसरला.

डॉ. मारिया माँटेसरी यांच्या कार्याला हेंच वळण लागण्याचा धोका होता. १९०७ सालच्या जानेवारींत रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत त्यांनीं पहिलें बालगृह उघडलें. त्यांची साधनें शास्त्रीय होतीं. दट्ट्या ज्या मापाचा, त्याच मापाच्या भोंकांत तो बसतो. मुलाची चूक मुलालाच कळते, शिक्षकानें रागावण्याचें कारण उरत नाहीं. परंतु अशा अचूक वस्तु करण्यास कुशल सुतार आणि पैसा लागतो. आपल्याकडे भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढिलें. १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांस जाऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि 'शिक्षणपत्रिके'च्या द्वारें नवा विचार गुजराती व मराठी घरांत पोंचला. तथापि तो पोंचला तो मुख्यतः शहरांतल्या, फी देऊं शकणाऱ्या घरांत. ताराबाईंच्या मनाला ही गोष्ट डांचत होती. जी पद्धति रोमच्या गरिबांसाठीं जन्मली, ती हिंदुस्थानांत सुखवस्तूंची मिरास होऊन बसावी, हें त्यांना मानवलें नाहीं.

१९४५ सालीं ताराबाई मुंबईच्या उत्तरेस, समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. ग्राम बालशिक्षा केंद्राचा आरंभ तेथें झाला. इमारत, साधनें, पैसा यांपैकीं कांहींच मनाजोगें नव्हतें. मग साधनें कोठून आणावयाचीं? किनाऱ्यावर शंखशिंपले होते, चिंचेखालीं चिंचोके होते, ओढ्यांत गुळगुळीत खडे होते, आणि झाडांनीं पानें, फुलें व काटक्या यांची उणीव कधींच भासूं दिली नव्हती. लहानमोठें, जाडबारीक, खरखरीत व गुळगुळीत हे भेद ओळखावयाचे, मोजावयाचें, रांगा लावावयाच्या, आकृति मांडावयाच्या, हें सर्व त्या वस्तूंनीं साधण्यांत आलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच शाळाच पाड्यांतल्या अंगणांत नेण्यांत आली. १९५७ सालीं कार्य डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणावरच शाळा भरविण्याचा प्रयोग झाला, तो 'कुरणशाळा' या नांवानें प्रसिद्ध आहे. बालवाडी आणि अंगणवाडी हे शब्द आज खेडोपाडीं ज्यांच्या तोंडीं आहेत, त्यांतील किती जणांस या दोन बायांची आठवण असेल?

येथें एका आक्षेपाचा विचार केल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. शिंपले आणि चिंचोके हे दट्ट्यांची बरोबरी करूं शकतात काय? आमचें उत्तर असें कीं, सर्वस्वीं नाहीं. दोन शिंपले कधीं तंतोतंत सारखे नसतात. त्यांत मापाची ती शिस्त नाहीं, आणि चूक आपली आपण दाखविण्याचा गुणही त्यांत नाहीं. ही उणीव शिक्षिकेला आपल्या कल्पकतेनें व श्रमानें भरून काढावी लागते. तेव्हां बोर्डीचा मार्ग हा स्वस्त मार्ग होता, असें कोणी म्हणेल तर तें खरें नाहीं. त्यांत खर्च पैशांचा कमी होता, माणसाचा अधिक होता. उलटपक्षीं, वारली मुलाच्या दृष्टीनें पाहतां लांकडी दट्ट्या ही परक्याची वस्तु. ती मोडेल, हरवेल, कोणी रागावेल, ही धास्ती तिला चिकटलेली. चिंचोका मात्र त्याच्या ओळखीचा. शाळा सुटल्यावरही तो त्याच्या वाटेवर पडलेलाच असतो, आणि म्हणून धडाही सुटत नाहीं. ज्या मुलाच्या आईनें तांदुळाच्या पिठानें भिंतीवर देवचौक लिहिला, त्याला रानच्या वस्तूंनीं आकृति मांडणें हें नवें शिक्षण नव्हतेंच. शाळेनें त्याच्या घरच्या विद्येला मान दिला, एवढेंच. ताराबाई १९७३ सालीं वारल्या. अनुताई १९९२ पर्यंत हयात होत्या. त्यांचें 'कोसबाडच्या टेकडीवरून' हें पुस्तक ज्या घरांत मुलें आहेत त्या प्रत्येक घरीं असावें, अशी आमची शिफारस आहे.

मुलांच्या शिक्षणाची बाजू झाली. आतां 'ही कला नव्हे' या आमच्या बंधूंच्या आक्षेपाकडे वळूं. अवनींद्रनाथ ठाकूर (१८७१ ते १९५१) हे आधुनिक भारतीय चित्रकलेचे एक आद्य आचार्य. १९३० च्या सुमारास अरबी कथांवरील प्रसिद्ध चित्रमाला पुरी केल्यानंतर त्यांनीं कुंचला बहुतांशीं खालीं ठेविला. उतारवयांत हा थोर पुरुष काय करीत होता? बागेंत पडलेल्या वाळक्या फांद्या, बांबूच्या मुळ्या, बिया, नारळाच्या करवंट्या गोळा करून त्यांतून पक्षी, जनावरें आणि माणसें साधीत होता. या खेळण्यांना त्यांनीं 'कुटुम-काटाम' असें मौजेचें नांव दिलें; बंगालींत 'कुटुम' म्हणजे सोयरा. फांदींत जो सोयरा मूळचाच दडून बसला आहे, त्याला ओळखावयाचें, आणि शक्य तितकें कमी कापून, कमी जोडून बाहेर आणावयाचें, अशी त्यांची रीत होती. ज्याच्या हातांत रंगाचें सर्व सामर्थ्य होतें, त्यानें आयुष्याच्या अखेरीस वाळकी काटकी उचलावी, याला पोरखेळ म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें. मग आमच्या खडकावरील मोराला त्या पंक्तींत बसण्यास संकोच वाटणार नाहीं.

त्यांचे शिष्य नंदलाल बसू यांचा तर प्रत्यक्ष महाराष्ट्राशीं संबंध आला. १९३६ सालच्या डिसेंबरांत खानदेशांतील फैजपूर येथें राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें; खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. मंडप व नगर सजविण्याचें काम महात्माजींनीं नंदलालबाबूंवर सोंपविलें, आणि अट ही घातली कीं, गांवांत जें मिळेल त्यांतूनच, गांवच्या कारागिरांच्या हातून, सर्व झालें पाहिजे. नंदलालबाबूंनीं बांबू, गवत आणि चटया यांतून तें नगर उभें केलें. लाखो लोकांनीं तें पाहिलें आणि अधिवेशन संपतांच तें नाहींसें झालें. राजवाड्यांना लाजविणारी आरास बांबूनें होऊं शकते, हें मात्र ज्यांनीं पाहिलें त्यांच्या डोळ्यांतून नाहींसें झालें नसावें.

पाश्चात्य कलावंतांनींही पुढें हीच वाट धरली. रिचर्ड लाँग यानें १९६७ सालीं इंग्लंडांतील एका गवताळ मैदानांत एकाच रेषेवर पुन्हां पुन्हां चालून पायवाटेची एक सरळ रेघ उमटविली आणि तिचें छायाचित्र घेतलें. तेवढीच ती कलाकृति. अँडी गोल्ड्सवर्दी पानें, बर्फ, कांटे आणि दगड यांतून जागच्या जागीं आकृति रचतो आणि त्या वाऱ्याच्या व पाण्याच्या स्वाधीन करतो. या मंडळींची कीर्ति मोठी आहे आणि ती योग्यच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दारापुढें रोज रांगोळी काढणाऱ्या आणि ती रोज पुसली जातांना पाहणाऱ्या आपल्या आयाबहिणींस या कल्पनेंत नवें असें फारसें आढळणार नाहीं.

या सर्व हकीकतींतून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. वेंचण्याच्या आनंदाला पहिला शत्रु हांव. तिनें इंग्लंडचा किनारा ओसाड केला आणि आपला आपटा सोलला. दुसरा शत्रु पेटी. तिनें फ्रोबेलच्या बागेची दुकानांत नेऊन मांडणी केली. तिसरा शत्रु शिष्टपणा. तो मुलाच्या हत्तीला कचरा म्हणतो. पैकीं पहिल्याला उपाय सोपा आहे : जें गळून पडलें तेंच उचलावें, जिवंत असेल त्याला हात लावूं नये, आणि ज्या शंखांत जीव आहे तो पाण्यांत परत ठेवावा. तिसऱ्याला उपाय म्हणजे अवनींद्रनाथांचें स्मरण. दुसरा शत्रु आज सर्वांत प्रबळ आहे. आमच्या नातीच्या शाळेनें मागें 'निसर्गांतील वस्तूंचें चित्र' करून आणावयास सांगितलें, तेव्हां शेजारच्या दुकानांत त्यासाठीं वाळलेलीं पानें व बिया भरलेलीं पाकिटें किंमत छापून टांगलेलीं आम्हीं पाहिलीं. शाळेच्या फाटकांत पिंपळ उभा होता आणि त्याचीं पानें झाडूवाला रोज गोळा करून जाळीत होता! पाकीट विकत घेणाऱ्या आईबापांना आम्ही दोष देत नाहीं. नोकरीच्या धांवपळींत त्यांना टेकडी चढावयास वेळ कोठला? पण जी वस्तु फुकट आहे तीच त्यांना विकत घ्यावी लागते, आणि मूल्यवान असा जो सहवासाचा तास तो मात्र त्या पाकिटांत नसतो, हें कोणीतरी सांगितलें पाहिजे म्हणून सांगतों.

पुढल्या रविवारीं आम्ही पुन्हां त्या खडकाशीं गेलों. या वेळीं बंधु न बोलावतां आले होते. मोराचें पोट सुकून काळें पडलें होतें, पिसारा वाऱ्यानें नेला होता. दोन खडे आणि बाभळीची ती एक बी तेवढी उरली होती. मुलांना वाईट वाटेल म्हणून आम्हीं कांहीं समजुतीचे शब्द जुळविले होते, ते वायां गेले. मुलांनीं तें ठिकाण हातानें स्वच्छ केलें आणि नवीन ऐवज आणण्यास तीं पांगलीं. थोड्या वेळानें आमचे बंधु कांहीं न बोलतां उठले, सांवरीखालीं वांकले, आणि एक फूल उचलून, तें किडलेलें नाहीं ना हें चष्म्याजवळ धरून पाहूं लागले.

त्या रात्रीं परदेशीं असलेल्या मुलाशीं दूरध्वनीवर बोलतांना आम्हीं त्याला त्या चिंचोक्यांच्या हत्तीची आठवण दिली. तो हंसला आणि म्हणाला, "बाबा, मला तर कांहींच आठवत नाहीं." मग क्षणभर थांबून त्यानें विचारलें, "करवंटीची पाठ होती का त्याला?" आम्हीं होय म्हटलें.